सराव, सामना आणि खेळाडूची घडण : शालेय बास्केटबॉल प्रशिक्षणाची समीक्षा

प्रस्तावना

क्रीडा प्रशिक्षणाविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा सुविधांच्या अभावापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. मैदाने नाहीत, निधी नाही, क्रीडाशिक्षकांची पदे रिक्त आहेत, ही कारणे खरी आहेत. परंतु उपलब्ध असलेला वेळ आणि उपलब्ध असलेले मैदान यांचा विनियोग कसा होतो, या प्रश्नाची चिकित्सा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात शालेय वयोगटातील, म्हणजे साधारणतः १० ते १७ वर्षांच्या मुलामुलींच्या बास्केटबॉल प्रशिक्षणाचा या दृष्टीने विचार केला आहे. प्रशिक्षकाने सामन्यांना प्राधान्य द्यावे की सरावाला, आणि 'सराव' म्हणजे नेमके काय, हे या लेखाचे दोन मुख्य प्रश्न आहेत. ठाण्यातील वर्तकनगर व त्याच्या आसपासचा पोखरण रस्त्याचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून हे विवेचन केले असले, तरी त्यातील बहुतेक निरीक्षणे राज्यातील अन्य शहरांनाही लागू पडावीत.

पार्श्वभूमी

बास्केटबॉल हा अध्यापकाने निर्माण केलेला खेळ आहे. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात विद्यार्थ्यांना बंदिस्त जागेत खेळता यावे म्हणून तो रचला. त्याचे मूळ तेरा नियम १८९२ च्या आरंभी प्रसिद्ध झाले. भारतात तो वायएमसीएच्याच मार्गाने आला. हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रास येथे स्थापन केलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचा या प्रसारात मोठा वाटा आहे. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ साली झाली आणि १९५० साली भारतीय बास्केटबॉल महासंघ स्थापन झाला. ऑलिंपिकमध्ये भारतीय पुरुष संघ एकदाच, १९८० साली मॉस्को येथे खेळला आणि बारा संघांत बाराव्या स्थानावर राहिला.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या खेळाचे सर्वांत लक्षणीय केंद्र मुंबईतील नागपाडा हे होय. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२७ साली तेथे नागपाडा नेबरहुड हाऊस ही वस्तीकेंद्रित संस्था उभी केली. दाट लोकवस्तीच्या, कष्टकरी कुटुंबांच्या या भागात बास्केटबॉल रुजला तो वस्तीतल्या मैदानावर. बच्चू खान यांनी तेथे अनेक पिढ्यांतील मुलांना खेळ शिकविला, आणि आज नागपाड्यातील महापालिकेचे मैदान त्यांच्या नावाने ओळखले जाते. भारतीय संघाचे नेतृत्व केलेले आणि १९७० सालच्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर हे याच नागपाड्याचे.

नागपाड्याचे उदाहरण एका मुद्द्यासाठी महत्त्वाचे आहे. तेथे जे घडले ते श्रीमंत सुविधांमुळे घडले नाही. घरापासून चालत जाता येईल असे मैदान, रोज तेथे असणारा प्रशिक्षक आणि मोठ्यांच्या बरोबरीने खेळणारी लहान मुले, हे तीन घटक तेथे एकत्र आले. या तिन्ही घटकांचा संबंध सामन्यांच्या संख्येशी नसून खेळण्याच्या दैनंदिन सातत्याशी आहे.

स्पर्धेच्या रचनेची चिकित्सा

राज्यातील शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत होतात. तालुका किंवा महापालिका क्षेत्र, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय असा त्यांचा चढता क्रम आहे. प्रारंभीच्या पातळीवर संघांची संख्या मोठी आणि दिवस थोडे असल्याने सामने बहुधा बाद पद्धतीने खेळविले जातात. आयोजनाच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची आहे. मुलांच्या घडणीच्या दृष्टीने तिचा हिशेब मात्र मांडून पाहण्यासारखा आहे.

समजा, एखाद्या स्पर्धेत ३२ संघ आहेत. बाद पद्धतीत एकूण ३१ सामने होतील. त्यांपैकी १६ संघ एकच सामना खेळून घरी जातील आणि आणखी ८ संघ दोन सामने खेळून. आता या १६ संघांतील एका मुलाचा विचार करू. सामना पूर्ण ४० मिनिटांचा धरला आणि संघात १२ खेळाडू असले, तर एका वेळी पाच जण मैदानावर असल्याने संघाच्या वाट्याला एकूण २०० खेळाडू-मिनिटे येतात. ती समान वाटली तरी प्रत्येकाला १७ मिनिटांहून कमी वेळ मिळतो. चेंडू दोन्ही संघांकडे सारखाच राहिला, तर एका संघाकडे तो २० मिनिटे असेल. बारा जणांत ही २० मिनिटे विभागली, तर प्रत्येकाच्या हातात चेंडू असण्याचा काळ एक मिनिट चाळीस सेकंद इतकाच भरतो. चेंडू हवेत असतानाचा वेळ यातून वजा केलेला नाही. वेळेची समान वाटणी होते, हे गृहीतकही उदार आहे. प्रत्यक्षात पहिले पाच जण बहुतेक वेळ खेळतात आणि बाकावरील शेवटचे तीन-चार खेळाडू अंगावर गणवेश चढवून परत येतात.

वर्षभराच्या अधिकृत स्पर्धेतून निम्म्या संघांतील सरासरी मुलाला जे मिळते ते इतके आहे. स्पर्धेतील विजय हेच प्रशिक्षणाचे उद्दिष्ट मानणे म्हणजे या शंभर सेकंदांभोवती वर्षाची आखणी करणे होय. ज्या मुलाच्या वाट्याला तेही येत नाहीत, त्याच्यापुरता तर प्रशिक्षणाचा सारा अर्थ सरावातच शोधावा लागतो.

याला ऋतुमानाची जोड मिळते. शाळा जूनमध्ये उघडतात. ठाण्यासारख्या कोकणपट्टीच्या शहरात जून ते सप्टेंबर या काळात उघडी सिमेंटची मैदाने ओली, शेवाळलेली आणि घसरडी असतात. स्पर्धांचे पहिले टप्पे साधारणतः याच काळात किंवा त्याच्या लगेच पुढे येतात. म्हणजे मुले जेमतेम सरावानिशी सामन्यात उतरतात आणि हरलेल्या संघाचे वर्ष तेथेच संपते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कोरड्या हवेचा, संध्याकाळी खेळण्यास सर्वाधिक अनुकूल काळ असतो. पण तोवर स्पर्धा आटोपलेली असते, परीक्षा तोंडावर असते आणि मैदान स्नेहसंमेलनाच्या मांडवाखाली गेलेले असते. खेळाचे वेळापत्रक ऋतूला आणि मुलाच्या वाढीला न जुळता केवळ स्पर्धेच्या तारखांना जुळविले गेले, की असे घडते.

प्रोत्साहनांचा प्रश्न

यासाठी केवळ प्रशिक्षकास दोष देणे अन्यायाचे ठरेल. क्रीडाशिक्षकाचे मूल्यमापन त्याच्या संघाच्या ढालींवरून होते. पालकांना प्रमाणपत्र हवे असते, कारण दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण आणि पुढे शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण यांचा आधार स्पर्धेतील कामगिरी हाच असतो. या सवलतींमागील हेतू स्तुत्य आहे. खेळात वेळ घालविणाऱ्या विद्यार्थ्याचे नुकसान होऊ नये, ही भूमिका कोणीही मान्य करील. परंतु जे मोजले जाते त्याकडेच लक्ष जाते, हा कोणत्याही व्यवस्थेचा स्वभाव आहे. प्रमाणपत्रावर संघाचा क्रमांक असतो. वर्षाच्या आरंभी डाव्या हाताने चेंडू टिपवू न शकणारी मुलगी वर्षाअखेर दोन्ही हातांनी सहज टिपवू लागली, याची नोंद कोठेही होत नाही.

या दडपणाचे तांत्रिक परिणाम मैदानावर दिसतात. सर्वांत ठळक परिणाम उंच मुलाच्या बाबतीत होतो. तेरा वर्षांचा, वयाच्या मानाने लवकर वाढलेला मुलगा संघात आला, की त्याला रिंगखाली उभे केले जाते. चेंडू उंचावरून त्याच्या हाती द्यायचा आणि त्याने तो टाकायचा, एवढीच त्याची भूमिका. सामने जिंकले जातात. मुलांच्या वाढीचा वेग सरासरीने चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो, तर मुलींचा बाराव्या वर्षाच्या सुमारास. लवकर वाढलेल्याची वाढ लवकर थांबते. सतरा-अठराव्या वर्षी हाच मुलगा संघातील मध्यम उंचीचा खेळाडू ठरतो आणि मध्यम उंचीच्या खेळाडूला लागणारे चेंडू टिपविणे, दुरून नेम धरणे, पास देणे यांपैकी काहीही त्याला शिकविलेले नसते. उशिरा वाढणाऱ्या मुलाचे नुकसान याच्या उलट दिशेने होते. तो तेराव्या वर्षीच वगळला जातो आणि सतराव्या वर्षी उंच होतो तेव्हा मैदानापासून दूर गेलेला असतो.

दुसरा परिणाम बचावाच्या पद्धतीत दिसतो. लहान मुलांना दुरून अचूक नेम धरता येत नाही, म्हणून रिंगभोवती जागा धरून उभे राहणारा झोन बचाव त्या वयात हमखास यशस्वी होतो. त्यामुळे प्रत्येकाने आपापला प्रतिस्पर्धी अडविण्याचा व्यक्तिगत बचाव, म्हणजे पायांची हालचाल, अंतराचा अंदाज आणि सततचे अवधान, शिकण्याची संधी हुकते. मिनी बास्केटबॉलमध्ये व्यक्तिगत बचावाचा आग्रह धरला जातो तो याच कारणाने. त्या खेळात रिंगची उंची नेहमीच्या ३.०५ मीटरऐवजी २.६० मीटर असते आणि चेंडू ५ क्रमांकाचा असतो. आपल्याकडे मात्र अनेक ठिकाणी दहा वर्षांची मुले मोठ्यांच्या रिंगवर मोठ्यांचा चेंडू कमरेतून फेकताना दिसतात. त्या वयात पडलेले नेमाचे चुकीचे वळण पुढे सुटणे कठीण जाते.

'सराव' या संकल्पनेची तपासणी

येथवरच्या विवेचनावरून सामने कमी करून सरावाचे तास वाढविले म्हणजे प्रश्न सुटेल, असा निष्कर्ष कोणी काढील. तो घाईचा आहे. अँडर्स एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली मांडलेली हेतुपूर्वक सरावाची संकल्पना पुढे माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ सालच्या पुस्तकामुळे 'दहा हजार तास' या घोषवाक्यात बंदिस्त झाली. मूळ मांडणीत भर होता तो सरावाच्या गुणवत्तेवर : निश्चित उद्दिष्ट, तत्काळ दुरुस्ती आणि एकाग्र प्रयत्न. मॅकनमारा व सहकाऱ्यांनी २०१४ साली उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा क्रीडाक्षेत्रातील कामगिरीच्या तफावतीपैकी सुमारे १८ टक्के तफावतच अशा सरावाने स्पष्ट होते, असे आढळले. सराव आवश्यक आहे, पण केवळ तासांची बेरीज पुरेशी नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. जाँ कोते यांच्या प्रतिमानानुसार साधारण सहा ते बारा या वयात विविध खेळांचा अनुभव आणि स्वयंप्रेरित मुक्त खेळ यांना अधिक वाव असावा. अमेरिकेतील एनबीए व यूएसए बास्केटबॉल यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत मुलाला एकाच खेळाला जखडू नये, असे सुचविले आहे.

आपल्या प्रचलित सरावाकडे या प्रकाशात पाहावे. दीड तासाच्या सरावातील तीस मिनिटे धावणे, कवायत व सूचना यांत गेली असे धरू. उरलेल्या ६० मिनिटांत २४ मुले आणि ४ चेंडू असतील, तर एका चेंडूमागे सहा मुले होतात आणि प्रत्येकाला चेंडू १० मिनिटे मिळतो. चेंडू १२ केले तर तोच काळ ३० मिनिटांवर जातो. त्यासाठी नवे मैदान लागत नाही की अधिक शिक्षक लागत नाहीत. तीच गोष्ट रांगेची. एका रिंगसमोर १५ मुले रांगेत उभी करून प्रत्येकाच्या फेकीला सहा सेकंद धरले, तर एका मुलाची पाळी दीड मिनिटाने येते. पंधरा मिनिटांत त्याच्या दहा फेकी होतात, आणि उरलेला वेळ तो रांगेत उभे राहण्याचा सराव करतो. बाहेरून पाहणाऱ्यास हे शिस्तबद्ध प्रशिक्षण वाटते. प्रत्यक्षात प्रशिक्षणाचा वेळ तेथे वाया जात असतो.

म्हणून सरावाची मोजणी तासांत न करता दोन प्रश्नांनी करावी, असे सुचवावेसे वाटते. प्रत्येक मुलाच्या हाताला चेंडू किती वेळा लागला? आणि त्याला स्वतःहून निर्णय किती वेळा घ्यावा लागला? पहिला प्रश्न कौशल्याचा आहे, तर दुसरा खेळाच्या आकलनाचा. दोन्ही प्रश्नांना एकत्र उत्तर देणारी रचना म्हणजे छोट्या गटांचे खेळ. अर्ध्या मैदानावर तीन विरुद्ध तीन खेळताना चेंडू सहा जणांत वाटला जातो. त्यामुळे ४० मिनिटांच्या खेळात प्रत्येकाच्या वाट्याला तो सुमारे पावणेसात मिनिटे येतो. पाच विरुद्ध पाच खेळताना हाच काळ चार मिनिटे असतो. शिवाय एका पूर्ण मैदानावर एकाच वेळी दोन खेळ चालू शकतात, आणि लपायला जागा नसल्याने प्रत्येकाला बचावही करावा लागतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१ साली) तीन विरुद्ध तीन या प्रकाराचा समावेश झाल्याने त्याला आता प्रतिष्ठाही आहे.

आपल्या परंपरेला हा विवेक अपरिचित नाही. तालमीतील पैलवान रोज जोर-बैठका मारतो आणि रोज जोडीदाराशी लढतो. फडातील कुस्ती मात्र जत्रेच्या हंगामातली. दोहोंचे प्रयोजन वेगळे आहे, हे वस्तादाला सांगावे लागत नाही. संगीतातही रियाज आणि मैफल यांची गल्लत कोणी करीत नाही. शालेय क्रीडाक्षेत्रात मात्र मैफलींची संख्या मोजून गवई घडला असे मानण्याची चूक आपण करीत आहोत.

आक्षेपांचा विचार

सामन्यांवाचून मुलांचा उत्साह टिकत नाही, हा पहिला आक्षेप रास्त आहे. सामना हा सरावाची कसोटी आणि आनंद दोन्ही असतो. त्यामुळे सामने वगळावेत असे येथे प्रतिपादन नाही. त्यांची रचना बदलावी, एवढेच म्हणणे आहे. ३२ संघांचे चारचारचे आठ गट केले, तर साखळी फेरीचे ४८ सामने होतात आणि प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. बाद फेरीसह एकूण ५५ सामने, म्हणजे आजच्यापेक्षा २४ अधिक. लहान वयोगटात सामन्याची वेळ कमी केली आणि प्रत्येक खेळाडूने ठरावीक वेळ खेळलेच पाहिजे असा नियम केला, तर हा भार पेलणे अशक्य नाही.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. सर्वांना समान वेळ दिल्यास उत्तम खेळाडू मागे पडतील, अशी भीती व्यक्त केली जाते. परंतु तेराव्या वर्षी उत्तम कोण, हे ओळखण्याची आपली क्षमता किती अपुरी आहे, ते उंचीच्या उदाहरणावरून दिसून आलेच आहे. पाया रुंद ठेवल्याने उत्तम खेळाडूचे नुकसान होत नाही. उलट त्याला खेळायला तोडीचे सवंगडी मिळतात.

तिसरा आक्षेप जागेचा, आणि तो वर्तकनगरसारख्या भागात सर्वांत कठीण आहे. जुन्या म्हाडा वसाहतीच्या या परिसरात पुनर्विकासाचे मनोरे उभे राहत आहेत. शेजारच्या रेमंड कारखान्याच्या जमिनीवरही निवासी संकुले आली आहेत. अशा संकुलांत खेळाच्या जागा असतात, पण त्या फाटकाच्या आत असतात. परिणामी, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना राहणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला शुल्क भरून प्रशिक्षक मिळतो आणि दुसऱ्याला रिंगसुद्धा मिळत नाही. नागपाड्यात जे घडले ते मैदान वस्तीच्या मालकीचे वाटत होते म्हणून घडले. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळेला क्रीडांगण असणे आणि शंभरांहून अधिक विद्यार्थी असलेल्या उच्च प्राथमिक शाळेत आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असणे अपेक्षित आहे. ही अपेक्षा कागदावर राहते तेथे सराव की सामना, हा वादच निरर्थक ठरतो.

मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी एका पदराने गुंतागुंतीचा होतो. संध्याकाळी सातनंतरचा सराव, दिव्यांची अपुरी सोय आणि घरी परतण्याची काळजी यांमुळे त्यांचा सराव आधी तुटतो. पुण्याच्या शिरीन लिमये यांच्यासारखी खेळाडू भारतीय संघापर्यंत पोहोचते, तेव्हा आपण तिचे कौतुक करतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी खेळ सोडलेल्या मुलींची मोजदाद मात्र कोणी ठेवीत नाही. मैदानाच्या वेळापत्रकात मुलींना दिवसाउजेडीचा पहिला तास देणे, हा खर्चाविना होऊ शकणारा बदल आहे.

महाविद्यालयांची भूमिका

या चर्चेत महाविद्यालयीन अध्यापकांनी केवळ प्रेक्षक राहण्याचे कारण नाही. अनेक महाविद्यालयांची मैदाने दुपारनंतर आणि सुटीच्या दिवशी रिकामी असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आठवड्यातून तीन दिवस ती परिसरातील पालिका शाळांच्या मुलांसाठी खुली करता येतील. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० च्या अंमलबजावणीत क्रीडा व अन्य सहअभ्यासक्रम उपक्रमांना श्रेयांक देण्यात आले आहेत. महाविद्यालयीन खेळाडूने शालेय मुलांना शिकविणे हा त्या श्रेयांकांचा सर्वांत अर्थपूर्ण विनियोग ठरेल. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी सरावातील चेंडू-स्पर्शांची व फेकींची नोंद ठेवावी, मानसशास्त्र व समाजशास्त्र विभागांनी खेळ सोडणाऱ्या मुलांचा अभ्यास करावा. बहुविद्याशाखीय संशोधनाचा याहून जवळचा विषय क्वचितच सापडेल.

समारोप

शालेय प्रशिक्षणात सरावाच्या वेळेस प्राधान्य असावे, हा या विवेचनाचा निष्कर्ष आहे. मात्र ते प्राधान्य रांगेत उभ्या असलेल्या तासांना नसून प्रत्येक मुलाच्या हातातील चेंडूला आणि त्याने स्वतः घेतलेल्या निर्णयांना असावे. त्यासाठी चेंडूंची संख्या वाढविणे, लहानांसाठी रिंग खाली आणणे, छोट्या गटांचे खेळ, प्रारंभिक फेऱ्यांत साखळी पद्धत आणि कोरड्या ऋतूचा उपयोग हे उपाय पुरेसे ठोस आहेत. त्यांपैकी बहुतेक शाळेच्या व प्रशिक्षकाच्या अधिकारातले आहेत. जिल्हास्तरीय ढाल कपाटात दीर्घकाळ टिकते. ती जिंकणाऱ्या बारा जणांपैकी पाच वर्षांनंतर कितीजण खेळत आहेत, हा प्रश्न प्रत्येक शाळेने स्वतःला विचारावा आणि प्रशिक्षकाचे मूल्यमापन त्या उत्तरावरून करावे.